पन्नास रुपयांची पहिली आवृत्ती

१

ज्या पुस्तकाची गेल्या नऊ वर्षांत एकही प्रत विकली गेलेली नव्हती, ते पुस्तक छातीशी धरून एक मुलगी बेबीनंदाबाईंच्या दारात उभी होती.

“साळवे मॅडम तुम्हीच ना? सही पाहिजे होती,” ती म्हणाली.

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या रस्त्याकडे. ही शेजारच्या घरी जायची ती चुकून इकडे आली असावी, असं त्यांना वाटलं. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी एकच पुस्तक लिहिलं होतं, ‘चिंचेखालचं पाणी’. लोकांच्या रानात मोलमजुरी करून लेकीला शिकवणाऱ्या त्यांच्या मायचं, चतुराबाईचं, आयुष्य त्यात होतं. जालन्याच्याच उगवाई प्रकाशनानं ते काढलं. पहिली दहा-बारा वर्षं थोडं थोडं हललं, आणि मग जे बसलं ते उठलंच नाही. दर एप्रिलला प्रकाशकाकडून रॉयल्टीचं विवरण येई. विक्री निरंक, देय रक्कम निरंक. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेल्या बाईंना ‘निरंक’ हा शब्द काही नवा नव्हता, पण मायच्या पुस्तकापुढे तो दरवर्षी नव्यानं बोचायचा. दुसरं पुस्तक अर्धं लिहून झालं होतं. ते त्यांनी पेटीत टाकलं आणि वर स्वेटर रचले.

मुलीचं नाव प्रिया. एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि आजी तिची जांब समर्थला राहायची.

“आजीला वाचून दाखवलं मी. दोनदा,” प्रिया म्हणाली. “ती म्हणती, त्या बाईला विचारून ये, मायचं पुढं काय झालं? दुसरा भाग कधी येऊन राह्यला?”

बाईंनी पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठाकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मुखपृष्ठावर ज्वारीच्या रानात उभी असलेली माय होती. हाच फोटो त्यांच्या घरातल्या प्रतीवरही होता. पण तो पाहताना बाईंना नेहमी परकं वाटायचं, जणू मायची चुलतबहीण उभी आहे. आज मात्र साक्षात माय त्यांच्याकडे पाहत होती. तिरकं हसू, कपाळावर चढलेली एक भुवई, सगळं तेच. आजच असं का व्हावं, ते त्यांना कळेना.

“एवढी प्रत दोन दिवस ठेवशील का गं माझ्यापाशी?” त्यांनी विचारलं. बाईंचे भरलेले डोळे पाहून प्रिया घाबरलीच होती. तिनं लगेच मान हलवली.

ती गेल्यावर बाईंनी कपाटातली आपली प्रत काढून शेजारी ठेवली. दोन्हींच्या आतल्या पानावर ‘पहिली आवृत्ती’ असंच छापलेलं. पण बाईंच्या प्रतीवर किंमत होती एकशे ऐंशी रुपये, आणि तिच्यावर नंतर चिकटवलेली अडीचशेची चिठ्ठी. प्रियाच्या प्रतीवर किंमत होती पन्नास. कागद हलका, शाई ताजी. कुणीतरी त्यांचं पुस्तक चोरून छापत होतं.

बाईंनी चष्मा पुसला आणि दोन्ही मुखपृष्ठं पुन्हा पाहिली. तेव्हा त्यांना फरक दिसला. मायच्या हातातला विळा उजव्या हातातून डाव्या हातात गेला होता.

२

नागसेन खरात हा बाईंच्या बहिणीचा मुलगा. बियाण्याच्या कंपनीत नोकरीला, पण हयातीत त्यानं मूठभर बी पेरलं नव्हतं. त्याचं काम बोगस बियाणं पकडायचं. कंपनीच्या नावाची खोटी पिशवी कुठल्या गोदामात भरली गेली, कुठल्या टेम्पोनं कुठं गेली, हे हुंगत तो जिल्हाभर फिरायचा. गप्पिष्ट माणूस, समोरच्याला चहा पाजून पाजून बोलतं करायचा.

“मावशी, आधी मला हे सांग,” दोन्ही प्रती समोर ठेवून तो म्हणाला, “आजी डावखुरी होती?”

“होती.”

“पुस्तकात तर कुठंच न्हाई.”

“न्हाई लिहिलं.” बाई जरा थांबल्या. “डाव्या हाताची म्हणून लई बोलणी खाल्ली तिनं. बोहणीच्या वेळंला दुकानदार तिच्याकडून पैसे घ्यायचा न्हाई. निदान पुस्तकात तरी कुणी नाव ठेवू नये, म्हणून मी गाळलं. मंग पुस्तक छापून आलं तर फोटो उलटा. माय उजव्या हाताची झाली. कुणाला कळलंबी न्हाई, कारण आता ती चारचौघींसारखी दिसत होती.”

नागसेननं फोटो निरखला. डोक्यावरून घेतलेला पदर दोन्ही खांद्यांवर आलेला, नाकात काही नाही, कपाळ मोकळं. उलटा छापलाय हे सांगणारी एकच खूण होती, आणि ती म्हणजे विळ्याचा हात.

“तू प्रकाशकाला बोलली न्हाईस?”

“पहिलं पुस्तक होतं रे. गप्प बसले. अन् मूळ फोटो मागायला गेले तर तो प्रेसमध्ये हरवला म्हणले. शेतकी खात्याच्या माणसानं काढलेला एकच फोटो होता तिचा. दुसरा न्हाई.”

एकवीस वर्षं बाईंच्या घरात मायचा फोटो नव्हता. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखालची एक जागा त्यांनी रिकामीच ठेवली होती. उलटी माय तिथं लावायला त्यांचं मन झालं नव्हतं.

नागसेन विचारात पडला. “बोगसवाल्याचा एक कायदा असतो, मावशी. तो नक्कल करतो. पिशवीवर आमची चूक असंल तर चुकीसकट करतो. सुधारणा करायचा खर्चा त्याला परवडत न्हाई. इथं तर कुणीतरी फोटो सरळ केला, वरची अक्षरं नव्यानं बसवली. हे चुकून होत न्हाई.”

“म्हणजे ज्यानं छापलं,” बाई सावकाश म्हणाल्या, “त्याच्यापाशी मायचा खरा फोटो हाय.”

नागसेननं मावशीकडे पाहिलं. त्याला चोर हवा होता. मावशीला फोटो हवा होता.

प्रियानं पुस्तक भीमजयंतीच्या दिवशी अण्णासाहेब नावाच्या विक्रेत्याकडून घेतलं होतं. तीनचाकी टेम्पो एका अंगानं उघडून त्यातच त्यानं दुकान मांडलेलं असे. दुसऱ्या दिवशी दोघं स्टँडबाहेर त्याच्यापुढे गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले. साठी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा शांत माणूस. “जय भीम” म्हणाला आणि काय हवं ते विचारलं. नागसेननं दहा प्रती मागितल्या, शाळेत वाटायला म्हणून.

“कुठून आणता हो हे?” त्यानं सहज विचारलं.

“संभाजीनगरचा एक एजंट देतो. बिल-बिल काही न्हाई त्याचं.” अण्णासाहेबानं प्रती रचून सुतळी गुंडाळली.

टेम्पोच्या कडेला एक जुना, झिजलेला विळा अडकवलेला होता. नागसेननं मदत म्हणून तो काढला आणि सुतळीवर ओढला. सुतळी नुसती दबली. “हा तर पार बोथट झाला, काका.”

“द्या इकडं.” अण्णासाहेबानं विळा घेतला, एका झटक्यात सुतळी तोडली आणि जागेवर ठेवला. मग पैसे घ्यायला त्यानं हात बदलला.

निघता निघता बाईंनी विचारलं, “हे पुस्तक वाचतात का लोक?”

“हे?” अण्णासाहेब पहिल्यांदाच हसला. “बाई, हे खाली ठिवत न्हाईत.”

बाईंना रस्ता दिसेना झाला. त्यांनी नागसेनचा हात धरला आणि रस्ता ओलांडला.

३

उगवाई प्रकाशनाचे राधेश्याम तौर म्हणजे घरची शेती चांगली असल्यामुळे पुस्तकांच्या धंद्यात टिकलेला माणूस. चोरटी प्रत पाहून ते खुर्चीतून उठलेच.

“मॅडम, हे तर सरळ दरोडा हाय. करारानं छापायचा हक्क माझा हाय. नाव कळू द्या, उद्याच्या उद्या केस टाकतो.”

“तुमची किंमत अडीचशे अन् त्याची पन्नास,” नागसेन म्हणाला. “त्याला कशी परवडती?”

तौर पुन्हा बसले. हा प्रश्न त्यांना आवडता असावा. “किंमत वाचकासाठी नसती, साहेब. ग्रंथालयाचा पुरवठादार येतो, म्हणतो चाळीस टक्के सूट द्या. दुसरा पन्नास मागतो. मंग ती सूट आधीच किमतीत चढवून ठिवावी लागती. एखादं गाडं ग्रंथालयात गेलं की आमचा खर्चा निघाला. राह्यला दुकानातला माणूस. तो मागचं पान पाहतो, किंमत वाचतो, अन् खाली ठिवतो.”

“अन् लेखकाचं काय?”

“छापील किमतीच्या दहा टक्के, बिलकुल वेळेवर. पण विकलेल्या प्रतीवर. यांचं पुस्तक ग्रंथालयात एकदा जाऊन बसलं, पुढं हललं न्हाई. विकलंच न्हाई तर दहा टक्के कशाचे काढू?” त्यांनी करार पुढे सरकवला. “माणूस मी सरळ हाय. बघा, यातच लिहिलंय, सलग पाच वर्षं विक्री निरंक राह्यली तर लेखकानं हक्क परत मागावेत. आजवर कुणी मागितले न्हाईत. न विकणाऱ्या पुस्तकाचे हक्क नेऊन करता काय?”

बाई खाली मान घालून ऐकत होत्या. इतकी वर्षं त्यांनी स्वतःला हेच सांगितलं होतं, की मायचं जगणं कुणाला नकोय. आणि काल तो दाढीवाला म्हणाला, खाली ठेवत नाहीत.

तौर स्वतःच तर छापत नाहीत ना, हे बघायला नागसेननं गोदाम उघडायला लावलं. बाईंच्या पुस्तकाचे गठ्ठे छतापर्यंत होते. नागसेननं मुद्दाम तळातले दोन फोडले, वरचा एक फोडला. सगळीकडे जुनी आवृत्ती, पिवळी पडलेली, अडीचशेची चिठ्ठी लावलेली. धूळ कुणी हलवलेली नव्हती.

“स्वस्त आवृत्ती काढावी असं कधी वाटलं न्हाई?” बाईंनी विचारलं.

“एक जण आल्ता मागं. दहा-बारा वर्षं झाली. फेरीवाला का कोण. पन्नासची काढा, मी रोख घेतो म्हणत होता. म्हणलं, पन्नासची काढली तर हे अडीचशेचे गठ्ठे कुणाच्या डोक्यात घालू? हाकलून दिला. तोंड आता ध्यानात न्हाई.”

निघताना नागसेननं दोन्ही प्रती टेबलावर शेजारी ठेवल्या. “तौरसाहेब, यातला फोटो कुठला बराबर हाय?”

तौरांनी क्षणही घेतला नाही. आपल्या प्रतीवर बोट ठेवलं. “हा. डुप्लिकेटवाल्यानं विळा डाव्या हातात दिलाय. त्याला एवढंसुद्धा दिसलं न्हाई.”

बाईंनी दोन्ही प्रती पिशवीत टाकल्या.

“मूळ फोटोचं म्हणाल,” तौर दारापर्यंत येऊन म्हणाले, “तो माझ्याकडं कधी आलाच न्हाई परत. कारभारीच्या प्रेसमध्येच राह्यला. त्याला धरा.”

४

कारभारी डोईफोडेचं प्रेस आता फ्लेक्स छापायचं. वाढदिवस, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली, तिन्ही एकाच मशीनवर. जुनं ऑफसेट कोपऱ्यात ताडपत्रीखाली झोपलेलं होतं. कारभारीच्या मानेला दोरीनं भिंग बांधलेलं असायचं. मशीन बदलली तरी ते त्यानं काढलं नव्हतं.

बाईंनी विचारायच्या आधीच त्यांच्या तोंडावरून त्याला ओळख पटली. “चिंचेखालचं पाणी. कव्हर मीच केल्तं की. छान बाई होती फोटोत.”

“तो फोटो,” बाई म्हणाल्या, “तो अजून कुठं असंल का? जुन्या कपाटात, कुठल्या पाकिटात?”

कारभारीनं हात जोडले. “बाई, खोटं सांगत न्हाई. जुन्या जागेवर छत गळलं, एका पावसात सगळ्या निगेटिव्ह, सगळे फोटो चिखल झाले. तौरसाहेबाला सांगायची हिंमत झाली न्हाई. ते तुम्हाला हरवला म्हणले, मी गप राह्यलो.”

“मंग हा कुठून आला?” नागसेननं चोरटी प्रत त्याच्यासमोर धरली.

कारभारीनं भिंग लावलं. बराच वेळ तो मायच्या चेहऱ्यावर वाकून होता. खरा फोटो कुणीतरी पावसाआधी उचलला असेल, तर तो जिवंत असेल. बाई कारभारीच्या ओठांकडे पाहत होत्या.

“हा फोटोवरून केलेला न्हाई,” अखेर तो म्हणाला. “छापील कव्हरवरून उचललाय. छापलेल्या चित्राला ठिपके असतात, बघा. त्याच्यावर परत छापलं की ठिपक्यांवर ठिपके चढतात, जाळी दिसती. कॉम्प्युटरवर माझंच कव्हर घेतलं अन् फोटो तेवढा उलटा केला. का केला देव जाणे. चांगला सरळ होता.”

“कुठला सरळ होता?” नागसेननं विचारलं.

कारभारीनं जुन्या प्रतीवर बोट ठेवलं.

म्हणजे फोटो कुठंच नव्हता. जगात कुठंच नव्हता. बाई बाहेर आल्या आणि रोलिंग मिलच्या भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या. सळ्यांनी भरलेला ट्रक जाईपर्यंत नागसेन थांबला. त्याला वाटलं, आता मावशी म्हणेल की सोडून दे.

पण मावशी वेगळंच बोलल्या. “नागसेन, ज्यानं हे केलं त्याच्याकडं फोटो नव्हता. तरी त्याला माहीत होतं.”

५

दोघं एका टपरीवर बसले. नागसेन बोटं मोडत बोलू लागला. बोलता बोलताच विचार करायची त्याची रीत होती.

“तौरसाहेबाचं गोदाम भरलेलं हाय. घरात भाकरी असताना कुणी पीठ मळत न्हाई. अन् उजव्या हाताचा फोटो त्यांना खरा वाटतो. कारभारीचं तेच. शिवाय कारभारीनं केलं असतं तर जाळी येऊ दिली नसती, इज्जत हाय त्याला धंद्याची. या दोघांनी हात बदलला नसता. ज्यानं हात बदलला, त्यानं आजीला कापणी करताना डोळ्यानं बघितलंय. पुस्तकात वाचून कळायची ती गोष्ट न्हाई.”

“मायच्या गावची, पिंपळगाव रेणुकाईची, जुनी माणसं राह्यलीत किती?” बाई म्हणाल्या. “अन् त्यातलं पुस्तक छापणारं कोण?”

“एजंट म्हणे संभाजीनगरचा. तो अण्णासाहेब खोटं बोलतोय हे मला पहिल्याच दिवशी कळलंय, पण एवढ्यानं काय होतंय? विकणारा अन् छापणारा एकच हाय, हे धरायचं कशानं?”

चहावाल्यानं दुधाची पिशवी फोडायला चाकू घेतला. बाई त्याच्या हाताकडे पाहत राहिल्या, आणि त्यांचा कप ओठांपाशीच थांबला.

“विळा,” त्या म्हणाल्या.

“कुठला विळा?”

“तू ओढलास तो. सुतळी तुटली न्हाई. बोथट म्हणालास. मायचा विळाबी शेजारणी मागून न्यायच्या अन् संध्याकाळी परत आणून द्यायच्या, म्हणायच्या चतुरे, तुझा विळा बोथट झालाय. माय हसायची. बोथट नसायचा रे तो. त्याची धार, त्याचे दाते दुसऱ्या अंगानं काढलेले असायचे. लोहाराकडं बसून करून घ्यायची. उजव्या हातात तो कापतच न्हाई.”

नागसेननं कप खाली ठेवला. “अन् त्यानं एका झटक्यात तोडली.”

“डाव्या हातानं. मंग पैसे घ्यायला हात बदलला. मायबी तसाच बदलायची. आयुष्यभर पाहिलं मी ते, अन् समोर होऊनही मला दिसलं न्हाई.”

दोघं थेट स्टँडवर गेले. अण्णासाहेब पुस्तकं झटकत होता. नागसेननं ओळख दिली, पण आरोप केला नाही. गोड आवाजात म्हणाला, “काका, या साळवे मॅडम. याच पुस्तकाच्या लेखिका. नवी आवृत्ती काढून राह्यलो आम्ही, कायदेशीर. तुमच्याकडच्या प्रतीत फोटो उलटा आलाय, विळा डाव्या हातात गेलाय. तर आता हे जुनं कव्हर घ्यायचं ठरलंय, हे सरळवालं.”

अण्णासाहेबाच्या हातातलं फडकं थांबलं. त्यानं बाईंकडे पाहिलं, मग जुन्या कव्हराकडे. तो गप्प बसला असता तर कदाचित सुटलाही असता.

“तो घेऊ नका,” तो म्हणाला. “बाई, तो नका घेऊ. ती उजव्या हाताची नव्हती.”

६

त्यानं टेम्पोतला स्टूल बाईंना दिला आणि स्वतः खाली गठ्ठ्यावर बसला. लपवायचं काही उरलं नव्हतं.

तो भोकरदन तालुक्यातलाच, पण दुसऱ्या गावचा. बेबीनंदाबाई शिकायला हॉस्टेलवर होत्या, त्या काळात तो ज्वारीच्या कापणीला पिंपळगावात आला होता. मिसरूड फुटलेलं, आणि तोही डावखुरा. डाव्या हाताचा माणूस रांगेत मधे घेतला की शेजाऱ्याच्या हाताला विळा लागतो, म्हणून त्याला कुणी पातीला घेईना. चतुराबाईनं त्याला आपल्याजवळ बोलावलं. ती नेहमी शेवटची पात, म्हणजे कापणीच्या रांगेतली अगदी कडेची ओळ, धरायची.

“म्हणली, इकडं ये रे, आपल्या दोघांचा हात एक हाय. पहिल्या दिवशी उजव्या विळ्यानं माझ्या हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी तिनं तिचा जुना विळा मला दिला. हाच.” त्यानं टेम्पोच्या कडेचा विळा काढून बाईंपुढे ठेवला. “पुढं किती वर्षांनी तुमचं पुस्तक हातात पडलं. कव्हर पाहिलं तर माय, पण विळा भलत्याच हातात. लई वाईट वाटलं. प्रकाशकाकडं गेलो, स्वस्तात काढा म्हणलं, फोटो बदला म्हणणार होतो, तेवढं ऐकून घेतलं न्हाई त्यानं. मंग मीच छापायला लागलो. कागद अन् छपाईचं निघतं, टेम्पोचं डिझेल निघतं. वर फार न्हाई राहत.”

“वर्षाला किती जातात?” नागसेननं विचारलं.

“चार-पाचशे तर नक्कीच. जयंतीला जास्त.”

बाई इतका वेळ विळ्याकडे पाहत होत्या. आता त्यांनी मान वर केली. राग आला होता, आणि तो त्यांनी दाबला नाही.

“मला सांगितलं का न्हाई?”

“तुम्ही बंद कर म्हणला असता तर बंद करावं लागलं असतं. तुमचा शब्द मोडता आला नसता मला.”

“पैशाचं मी बोलत न्हाई, अण्णासाहेब. मला दरवर्षी कागद यायचा, कुणी वाचलं न्हाई म्हणून. मी खरं मानलं. लिहिणं बंद केलं. अर्धी माय पेटीत पडली माझी.” त्यांचा आवाज फुटला. “तुम्ही पुस्तक चोरलं असतं तर चाललं असतं. तुम्ही माझे वाचणारे चोरले.”

अण्णासाहेब दाढीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “लोक विचारायचे, दुसरा भाग कधी? मी सांगायचो, बाई आता लिहीत न्हाईत. मला काय माहीत, माझ्यामुळंच लिहीत न्हाईत.”

एक बस आली, माणसं उतरली, दोघा-तिघांनी पुस्तकं चाळली. अण्णासाहेब गिऱ्हाईकाकडे उठला नाही.

नागसेननं घसा खाकरला. “मावशी, तौरसाहेब केस टाकणार. नाव सांगायचं का न्हाई, तू बोल.”

बाईंनी डोळे पुसले. शाळेत चुकलेल्या पोरापुढे उभ्या राहायच्या तशा त्या सरळ बसल्या. “त्यांना नाव नको, अर्ज पाठव. सलग पाच वर्षं निरंक असली तर हक्क परत मागता येतात म्हणले ना? नऊ वर्षांचे निरंक आहेत माझ्यापाशी, त्यांच्याच सहीचे. हक्क आले की पुस्तक माझं. मंग अण्णासाहेब छापतील, माझ्याशी करार करून. मागचं झालं ते मी सोडलं, असं त्यातच लिहू.”

“किंमत?” अण्णासाहेबानं भीत भीत विचारलं.

“पन्नासच. दहा टक्के माझे. पाच रुपये. सोडणार न्हाई मी ते. पण कागद मला वेगळा पाहिजे. किती विकल्या ते लिहा, अन् घेणाऱ्यानं काय म्हटलं तेबी लिहा. जांबच्या म्हातारीपासून सुरू करा, तिनं मला विचारलंय, मायचं पुढं काय झालं.”

त्यांनी विळा उचलला. आधी सवयीनं उजव्या हातात घेतला, मग डाव्या. लाकडी मूठ एका बाजूनं झिजलेली होती, मायच्या अंगठ्यापुरती. त्यावर नंतर अण्णासाहेबाचाही अंगठा घासला होता. फोटो मिळाला नव्हता, आणि आता मिळणारही नव्हता. बाई त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. एवढ्या वर्षांत मायचा हात पहिल्यांदाच हातात आल्यासारखं त्यांना वाटलं.

“हा घेऊन जा बाई,” अण्णासाहेब म्हणाला. “तुमचाच हाय.”

“न्हाई. माझ्याकडं तो बोथटच राहील. तुमच्याकडं कापतो.” त्यांनी विळा परत दिला आणि पिशवीतून पेन काढलं. “मी हॉस्टेलवर जाते तिथं पहिलं पुस्तक संपतं. पुढची तीन-चार वर्षं मी तिथंच होते. ती कशी होती, काय बोलायची, मला काही माहीत न्हाई. तिथंच अडलंय माझं दुसरं पुस्तक. तुम्ही तिथं होतात.”

अण्णासाहेबानं टेम्पोचं फडकं खाली ठेवलं. “कुठून सांगू?”

“शेवटच्या पातीपासून,” बाई म्हणाल्या.